ढळविण्याची कुळकथा

गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधच्या तलावाकाठी, जेथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २१ अंशांवर तेवतो, तेथे यंत्राचा अक्ष त्याच्या रोखाने जुळवून मृगातील अभ्रिकेचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्या हौशी निरीक्षकापाशी आज दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या विद्या असतात: दुर्बीण ताऱ्यावर अढळ राखण्याची, म्हणजे ऑटोगायडिंगची, आणि तीच दुर्बीण हेतुपुरस्सर किंचित ढळविण्याची, म्हणजे डिदरिंगची.

पहिलीचे कुळ जुने आणि कष्टाचे. आकाश तासाला १५ अंश सरकते, आणि घटीयंत्राने दुर्बीण त्यामागे फिरविली तरी दंतचक्रांचे दोष उरतातच. हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये याच अभ्रिकेचे पहिले छायाचित्र ५१ मिनिटांच्या उद्भासनाने घेतले. पुढे बार्नार्ड यांच्यासारखे निरीक्षक तासन्‌तास नेत्रिकेला डोळा लावून, तारा तंतूंच्या छेदावरून हलू न देता, हाताने दुर्बीण सावरीत बसत. आपल्याकडे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा नावारूपास आणली आणि मृगातील अभ्रिकेच्या वर्णपटावरील आपले निरीक्षण १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. ते १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकॅनालला रवाना झाली, ही हानी महाराष्ट्राने फारच मुकाट्याने सोसली असे मला वाटते. ताऱ्यावरचा तो पहारा माणसाच्या डोळ्याकडून विद्युत्कॅमेऱ्याकडे गेला तो १९९० च्या सुमारास, एसटी-४ नावाच्या लहानशा उपकरणाच्या द्वारे.

दुसरीचे कुळ निराळे. डिदर या जुन्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ थरथरणे. चित्र मोजक्या छटांत बसविताना उमटणारे खोटे पट्टे मोडावेत म्हणून लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत चित्रात मुद्दाम गोंगाट मिसळला जाई. हबल दुर्बिणीने डिसेंबर १९९५ मध्ये आकाशाच्या एका चिमुकल्या तुकड्याची ३४२ उद्भासने घेतली तीही रोख किंचित बदलीत. आणि अशा सरकत्या चित्रांतून एक सूक्ष्मतर चित्र घडविण्याची रीत फ्रुख्टर आणि हूक यांनी सिद्ध केली.

हौशी मंडळींनी ही विद्या उचलली ती संवेदकाच्या दोषांपायी. तापमान सुमारे ६ अंश सेल्सियसने वाढले की संवेदकातील अंधारप्रवाह दुप्पट होतो, आणि विदर्भातील उन्हाळी रात्री शीतकाविना कॅमेरा वापरणाऱ्यास तप्त बिंदूंचा जाच किती होतो हे सांगावयास नको. हे बिंदू संवेदकावर कायम असतात. दुर्बीण एकाच दिशेने मंद घसरत राहिली तर तारे जुळवून केलेल्या बेरजेत त्यांचे तिरपे ओरखडे उमटतात. प्रत्येक उद्भासनानंतर मार्गदर्शक आज्ञावलीने दुर्बीण यदृच्छेने काही बिंदू हलविली, तर तारे जुळविताना तो दोष दर वेळी नव्या जागी पडतो आणि तुलनेत उपरा ठरून खारीज होतो. येथे हिशेबाची एक मेख आहे: मार्गदर्शक कॅमेऱ्याचा एक बिंदू ६ विकलांचा आणि मुख्य कॅमेऱ्याचा दीड विकलेचा असेल, तर तिकडची एका बिंदूची हालचाल इकडे ४ बिंदूंची होते.

नवेगावला जाणाऱ्या नवशिक्यास माझी विनंती एवढीच, की हे गुणोत्तर घरीच मांडून न्यावे, आणि दुर्बीण ढळविल्यावर मार्गदर्शक तारा पुन्हा स्थिरावल्याखेरीज पुढचे उद्भासन सुरू करू नये.