सेवेचा आराखडा आणि बदलीचा हुकूम

म्हैसुरास बदलून आलेल्या मराठी माणसाच्या पहिल्या सहा महिन्यांत तीन गोष्टी हटकून घडतात. चामुंडी टेकडीच्या पायऱ्या तो एकदा चढून येतो, देवराज बाजारात मोगऱ्याचा भाव विचारण्यापुरते कन्नड त्याला येऊ लागते, आणि कोणीतरी परिचित त्याला आमच्या मंडळाच्या रविवारच्या बैठकीस घेऊन येतो. मंडळ लहानसेच आहे. गणेशोत्सव, कोजागिरी, पाडवा आणि अधूनमधून एखादे व्याख्यान, एवढाच त्याचा संसार. काही वर्षांपूर्वी त्यात वार्षिक सेवाकार्याची भर पडली, आणि यंदा त्या कार्याला आंतरराष्ट्रीय रूप देण्याची कल्पना निघाली. सभासदांची परदेशी असलेली मुले काही निधी पाठवण्यास, इतकेच नव्हे तर सुटीत आपल्या तिकडच्या मित्रांसह येऊन आठ दिवस श्रमदान करण्यास राजी आहेत. आराखडा तयार करण्याचे काम आमच्याकडे आले. कचेरीत टिपणी लिहिण्याचा आम्हाला सराव आहे, एवढीच आमची पात्रता.

आराखडा आम्ही रीतसर केला. उद्दिष्ट, खर्चाचा अंदाज, मनुष्यबळ, कालमर्यादा, अपेक्षित फलनिष्पत्ती. बैठकीत तो वाचून झाल्यावर मंडळाच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी शांतपणे विचारले, "हे सारे मागितले कोणी?" त्यासाठी आम्ही रकानाच ठेवलेला नव्हता.

प्रश्न झोंबला, कारण मागचा अनुभव ताजा होता. तीन वर्षांपूर्वी मंडळाने शहराबाहेरच्या एका शाळेला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र भेट दिले होते. हारतुरे झाले, छायाचित्रे निघाली. ते काम पाहणारे आमचे सभासद पुढच्या जूनमध्ये भोपाळला बदलून गेले. यंत्राची जाळी बदलावी लागते हे गावात कोणास ठाऊक नव्हते. आम्ही दीड वर्षाने गेलो तेव्हा यंत्रावर खडूचे खोके ठेवलेले होते. शाळेचा दोष त्यात काडीचाही नव्हता. त्यांनी ते मागितलेच नव्हते. म्हणून या खेपेस आराखडा बाजूला ठेवून, आमच्याआधी ज्यांनी परमुलखात जाऊन अशी कामे केली त्यांच्या वाटा थोड्या धुंडाळाव्या असे आम्ही ठरवले. त्यात जे हाती लागले ते येथे मांडतो आहोत.

१९०५ हे साल या बाबतीत मोठे नवलाचे आहे. त्या वर्षी २३ फेब्रुवारीस शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाचा वकील आपल्या तीन मित्रांसह एका कचेरीत बसला आणि त्यातून रोटरी क्लब जन्मास आला. पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमायचे, म्हणून ते नाव. आरंभी तो केवळ व्यवसायबंधूंचा स्नेहमेळावा होता. त्यांनी लोकांसाठी म्हणून जे पहिले ठळक काम हाती घेतले ते कोणते असावे? शिकागोच्या नगरभवनाजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह! कोनशिलेवर नाव कोरून घेण्यासारखे हे काम नव्हे, पण रस्त्यावरून चालणाऱ्यांची ती खरी अडचण होती. त्याच वर्षी १२ जूनला पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. शिकागोकर आपला धंदा सांभाळून उरलेला वेळ देणार होते, तर गोखल्यांना आयुष्यच मागायचे होते. सभासदाने कित्येक वर्षे उमेदवारी करावी, देश हिंडून पाहावा आणि बेताच्या वेतनावर जन्मभर राहावे, अशी ती कडक शिस्त. आमच्यासारख्या नोकरदारांचे मंडळ अर्थातच शिकागोच्या वळणाचे आहे. तरीही पाहण्याजोगी माणसे आम्हाला पुण्याच्या वळणात अधिक सापडली, हे कबूल केले पाहिजे.

त्यांपैकी एक गोपाळ कृष्ण देवधर. गोखल्यांच्या पहिल्या सहकाऱ्यांतले हे गृहस्थ. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांबरोबर पुणे सेवासदन उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु आम्हा परप्रांतस्थांना त्यांचे दुसरे काम जवळचे वाटावे. १९२१ साली मलबारात मापिल्लांचे बंड झाले, ते मोडण्यात आले आणि दोन्ही बाजूंची होरपळ झाली. हजारो कुटुंबे बेघर होऊन छावण्यांत येऊन पडली. पुण्याहून गेलेल्या देवधरांनी तेथे साहाय्यकार्य उभे केले. अन्नवस्त्र वाटून झाले की स्वयंसेवक सहसा गाडी पकडतात. देवधरांनी ते संपताच पुनर्रचनेचे, मुख्यतः शिक्षणाचे, काम अंगावर घेतले. केरळातील तानूर येथे त्यांच्या नावाची शाळा आजही चालू आहे. तेथे मराठी कोणी बोलत नाही, आणि बोलण्याचे कारणही नाही. आमच्या मंडळाच्या सेवाकार्यात दर वर्षी 'मराठी बाणा' दिसला पाहिजे असा आग्रह धरणाऱ्या सभासदांनी एकदा तानूरची वाट धरावी, असे आम्हास नम्रपणे वाटते.

आता परदेशी हातांविषयी. पहिले महायुद्ध संपल्यावर १९२० च्या हिवाळ्यात फ्रान्समधील व्हर्दंजवळच्या एन नावाच्या उद्ध्वस्त खेड्यात काही तरुण घरे बांधू लागले. त्यांचा म्होरक्या पियेर सेरेझोल हा स्विस अभियंता. त्याचे वडील एके काळी स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होते. पुढे या पुत्राने लष्करी कर भरण्याचे नाकारून तुरुंगवास पत्करला. सेरेझोलच्या तुकडीत जर्मन तरुणही होते, किंबहुना कालच्या शत्रूने येऊन भिंत बांधावी हाच त्या कामाचा आत्मा होता. पण ज्यांची घरे जर्मन तोफांनी पाडली त्यांना तो आत्मा इतक्या लवकर कसा पेलावा? काही महिन्यांतच विरोध वाढला आणि काम थांबवावे लागले. हेतू निर्मळ, हात कष्टाळू, आणि तरीही मुक्काम हलवावा लागला. आमच्या त्या यंत्राची गोष्ट याच्यापुढे अगदीच किरकोळ, पण जात तीच.

सेरेझोल खचला नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारात प्रचंड भूकंप झाला, तेव्हा तो या देशात आला. साहाय्याची सूत्रे राजेंद्रप्रसादांकडे होती. सेरेझोलने स्वतंत्र झेंडा न रोवता त्यांच्याशी विचारविनिमय करून मुझफ्फरपूरच्या बाजूस काम धरले. भूकंपाने जमिनी खचल्या होत्या, पुराचे पाणी गावांत शिरत होते, म्हणून उंचवट्यावर नव्याने वस्ती वसवायची होती. गावकऱ्यांच्या बरोबरीने हे मूठभर युरोपीय घमेली उचलू लागले. गोऱ्या माणसाने मातीची टोपली डोक्यावर घ्यावी हे त्या काळी हिंदुस्थानात सहसा न दिसणारे दृश्य होते. बांधलेल्या घरांइतकाच त्या दृश्याचा उपयोग झाला असेल. एन गावात जे जमले नाही ते बिहारात जमले, याचे कारण आमच्या मते एवढेच की येथे कोणाला तरी आधी विचारलेले होते.

सेरेझोलच्या त्या संघटनेचा धागा पुढे थेट मराठी मुलखात येऊन पोचतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापिली आणि १९५१ मध्ये वरोड्याजवळच्या खडकाळ जमिनीवर साधनाताई, दोन लहान मुले आणि सहा रुग्ण यांच्यासह आनंदवन सुरू केले. पुढच्या काही वर्षांतच या आंतरराष्ट्रीय सेवासंघटनेचे अनेक देशांतील तरुण तेथे शिबिरास आले आणि त्यांनी रुग्णांच्या बरोबरीने इमारती उभ्या केल्या. इमारती कोणीही बांधतो. पण रुग्णांच्या हातचे अन्न ती मुले रोज जेवत होती आणि त्यांच्या शेतातली भाजी खात होती. वरोड्याचे लोक तोवर आनंदवनाच्या भाजीला शिवत नसत. परदेशी मुले ती खाऊन धडधाकट राहतात हे पाहिल्यावर गावाची भीड चेपली आणि आनंदवनाच्या मालाला गिऱ्हाईक मिळाले. कोणत्याही आराखड्यातील 'अपेक्षित फलनिष्पत्ती'च्या रकान्यात ही गोष्ट कोणी लिहिली नसती. मुले परत गेली, आणि भाजी विकली जात राहिली.

महाराष्ट्राच्या गोष्टी येथवर पुरे झाल्या. ज्या शहराचे पाणी आम्ही पितो त्याच्याकडेही पाहिले पाहिजे. 'मागितले कोणी' हा प्रश्न म्हैसूरला नवा नाही. १८८१ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी राज्य वडेयर घराण्यास परत दिले, आणि त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लूंनी दसऱ्याच्या सुमारास, ७ ऑक्टोबरला, प्रजाप्रतिनिधी सभा भरवली. तालुक्यातालुक्यांतून १४४ माणसे आली. दिवाणाने त्यांना राज्याच्या जमाखर्चाची हकीकत सांगायची आणि त्यांनी आपल्या अडचणी मांडायच्या. सभेला अधिकार नव्हते, आणि आलेले लोक बहुतेक जमीनदार व व्यापारी होते, म्हणून तिचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एका संस्थानाने राजधानीतल्या उत्सवाचा मुहूर्त साधून खेड्यातल्या माणसाला 'तुझे काय अडले आहे' असे विचारावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे १९११ मध्ये येथे आर्थिक परिषद सुरू झाली आणि सरकारी व बिनसरकारी माणसे शेती, शिक्षण, उद्योग यांच्या समित्यांत एकत्र बसू लागली. तिचे श्रेय विश्वेश्वरय्यांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्या वेळी दिवाण होते टी. आनंदराव, तंजावरच्या मराठी घराण्यातले, सर टी. माधवरावांचे पुत्र. हे आम्ही मंडळात सांगताच पुष्कळांच्या चेहऱ्यावर तेज आले. असो.

आमच्या काळाला जवळची गोष्ट हेग्गडदेवनकोटे तालुक्यातली आहे. काबिनीचे धरण झाले, बंडीपूरला व्याघ्रप्रकल्प आला, आणि जेनू कुरुब, काडू कुरुब या वनवासी लोकांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. १९८४ साली म्हैसूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी डॉ. आर. बालसुब्रह्मण्यम यांच्या पुढाकाराने स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट स्थापिली, आणि काही वर्षांत ते या लोकांत जाऊन राहिले. सुरुवात दवाखान्याने झाली. मग होसहळ्ळीस मुलांची शाळा आली, सरगूरला रुग्णालय आले. आज तेथे परदेशी विद्यापीठांचे विद्यार्थीही शिकण्यास येतात. शिकण्यास, हा शब्द आम्ही जाणून वापरतो. आठ दिवसांच्या पाहुण्याने जंगलातल्या माणसाचे काय भले करावे? झालेच तर स्वतःचे करून घ्यावे, आणि यजमानाचे काम वाढवू नये.

परदेशी पैसा आणि गल्लीतले हात यांचा मेळ बसला की केवढे काम होते हेही आपण पाहिले आहे. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओ निर्मूलनाचा संकल्प सोडला. वर्गणी जगभरातून आली, पण बूथवर बसून बाळाच्या तोंडात दोन थेंब घालणारी बाई त्याच वस्तीतली होती. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ ला भारताचा अंतर्भाव असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

हे सारे वाचून आम्ही जुना आराखडा फाडला नाही, कारण कचेरीत कागद फाडण्याची आम्हाला सवय नाही. त्याच्या वर एक नवा कागद लावला. त्यावर दोनच रकाने: काम कोणी मागितले, आणि आमची बदली झाल्यावर ते कोणाच्या हाती राहील. आमच्यासारख्यांना दुसरा रकाना जिवाचा आहे. तीन-चार वर्षांत हुकूम येणार हे जन्मपत्रिकेत लिहिल्यासारखे असते. आपल्या मागे काही उरावे अशी इच्छा धरणेही कधी कधी हास्यास्पद वाटते. घरमालकाच्या भिंतीतला खिळासुद्धा उपटून न्यावा लागतो.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही तिघे एका सरकारी प्राथमिक शाळेत गेलो. या खेपेस वही उघडायची नाही असे ठरवून गेलो होतो. मुख्याध्यापिकाबाईंनी कॉफी दिली, आमचे मोडके कन्नड सोसून घेतले, आणि बराच वेळ मुलांच्या हजेरीविषयीच बोलत राहिल्या. उठताना त्यांनी मागच्या अंगणातले मुलींचे स्वच्छतागृह दाखवले. इमारत नवी होती, नळ कोरडे होते. पाण्याची जोडणी द्यावी म्हणून ग्रामपंचायतीकडे दिलेला अर्ज कुठल्यातरी टेबलावर थांबला होता. पैशांची गरज नव्हती. त्या अर्जाच्या मागे लागणारे माणूस हवे होते, आणि मंजुरी आलीच तर वीस-बावीस वाव चर खणणारे हात.

चर खणण्याचे काम परदेशाहून येणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवले आहे. शाळेच्या पालक समितीतले एक शिंपी त्यांच्यावर देखरेख करतील, आणि नळाची किल्ली पुढेही त्यांच्याकडेच राहील. अर्जाचे काम मात्र आमच्या जातीचे. फाईल कुठे अडते आणि कशाने सुटते हे आम्हाला नाही तर कोणाला कळावे? मंगळवारी अर्धी रजा टाकून आम्ही शिंपीबुवांसह पंचायतीच्या कचेरीत जाऊन आलो. अर्जाची नवी प्रत दिली आणि शिक्क्यानिशी पोच घेतली. तीवर आधी त्यांची सही आहे, खाली आमची.