हँड क्रिकेटचा प्रोग्रॅम

हँड क्रिकेटचा प्रोग्रॅम : बोटांच्या इशाऱ्यांवर खेळला जाणारा शाळकरी खेळ संगणकावर उतरवण्याचा, नवशिक्यांसाठीचा कोडिंगचा सराव. दगड-कागद-कात्रीच्याच जातकुळीतला, फरक इतकाच की यात धावफलक असतो.

खेळात दोघे एकदम बोटे दाखवतात. एक ते चार बोटांची किंमत तेवढीच, उघडा पंजा म्हणजे 5 आणि नुसता अंगठा म्हणजे 6. आकडे वेगळे आले तर बॅटिंगवाल्याचा आकडा धावांत जमा होतो, सारखे आले की आउट. टॉस एकी-बेकीने.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या प्रथम वर्ष अभियांत्रिकीच्या 2019 च्या अभ्यासक्रमात ‘प्रोग्रॅमिंग अँड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ हा विषय पायथनमधून होता. त्यात शिकवले जाणारे व्हेरिएबल, अट, लूप आणि फंक्शन या खेळात एकाच जागी कामाला लागतात.

दोन हात एकदम पुढे येतात. प्रोग्रॅमच्या ओळी मात्र एकामागून एक चालतात. म्हणून संगणकाने आपला आकडा खेळाडूचा आकडा न पाहता काढायला हवा. पायथनमध्ये ‘रँडइंट’ या फंक्शनला 1 आणि 6 दिले की सहाही आकडे येतात. ‘रँडरेंज’ला तेच दिले तर 6 कधीच येत नाही, आणि अंगठा दाखवत राहणारा फलंदाज कधीच आउट होत नाही! कीबोर्डवरून आलेला आकडाही आधी मजकूर असतो. त्याचे संख्येत रूपांतर केले नाही तर 4 आणि 4 जुळत नाहीत.

प्रोग्रॅम चालू लागला की खरी गंमत हिशेबात आहे. संगणक सहाही आकडे सारख्याच प्रमाणात टाकत असेल, तर दर चेंडूला आउट होण्याची शक्यता 1/6. म्हणजे बाद होण्याआधी सरासरी पाच चेंडू धावांचे. सतत 6 लावणाऱ्याची सरासरी त्यामुळे 30 होते, 1 लावणाऱ्याची फक्त 5. संगणकाने 6 सुमारे 26 टक्के वेळा आणि 1 सहा टक्क्यांहून कमी वेळा टाकला, मधले आकडेही त्याच चढत्या क्रमाने वाटले, तर फलंदाज काहीही खेळो, सरासरी 17 च्या आत राहते.

पुढची पायरी षटकांची. सहा फेऱ्यांचा ‘फॉर’ लूप येथे सोपा वाटतो, पण नो-बॉल आणला की तो अपुरा पडतो. पिंपरी-चिंचवडच्या थेरगावातील वेंगसरकर क्रिकेट अकादमीत घडलेल्या फलंदाज ऋतुराज गायकवाडने 28 नोव्हेंबर 2022 रोजी अहमदाबादला, विजय हजारे करंडकात उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले. त्यातला एक नो-बॉलवर होता आणि षटकात 43 धावा निघाल्या. असे षटक मोजायला ‘व्हाइल’ लूप लागतो : धावा दर चेंडूला वाढतात, चेंडूंचा आकडा मात्र वैध चेंडूलाच.