स्किझोफ्रेनियाचे निदान: रुग्ण एक, देश दोन, आजार दोन

"डॉक्टर, रक्त तपासून किंवा एमआरआय काढून स्किझोफ्रेनिया आहे की नाही, हे नक्की कळेल का?" नातेवाईक हा प्रश्न नेहमी विचारतात. तशी तपासणी आजही उपलब्ध नाही. थायरॉइड, मेंदूतील गाठ, नशेचे पदार्थ अशी दुसरी कारणे नाहीत ना, हे पाहण्यासाठी आपण तपासण्या करतो. निदान मात्र लक्षणे, त्यांचा कालावधी आणि घरच्यांनी दिलेली माहिती यांवरूनच होते. मग दोन डॉक्टरांचे मत एकच येईल याची खात्री काय? पन्नासएक वर्षांपूर्वी हाच प्रश्न मानसोपचारशास्त्रापुढे उभा राहिला होता.

न्यूयॉर्क आणि लंडन

'स्किझोफ्रेनिया' हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये वापरला. पुढे अमेरिकेत या शब्दाचा अर्थ फारच सैल झाला, ब्रिटनमध्ये तो मर्यादित राहिला. 1960 च्या दशकात आकडेवारीत दिसू लागले की अमेरिकन रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण खूप जास्त आहेत, तर ब्रिटनमध्ये उन्माद-नैराश्याचे, म्हणजे आज ज्याला बायपोलर म्हणतो त्याचे.

फरक रुग्णांत होता की डॉक्टरांत? संशोधकांनी न्यूयॉर्क व लंडनमधील रुग्णांना एकाच ठरावीक प्रश्नावलीने तपासले. दोन शहरांतला फरक बहुतांशी नाहीसा झाला! याच प्रकल्पात काही मुलाखतींच्या चित्रफिती दोन्ही देशांतील डॉक्टरांना दाखवल्या. त्यातल्या एका तरुणाला अमेरिकेतील 69 टक्के डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया आहे असे सांगितले, ब्रिटनमधील फक्त 2 टक्के डॉक्टरांनी.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हता. उन्मादावर लिथियम हे परिणामकारक औषध असून अमेरिकेत त्याला 1970 मध्ये मान्यता मिळाली. पण उन्मादाच्या रुग्णाच्या केसपेपरवर 'स्किझोफ्रेनिया' लिहिले गेले, तर त्याला ते औषध सुचवणार कोण?

सगळ्यांचे एकमत झाले म्हणजे झाले का?

जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत असाच अभ्यास केला. आपले आग्रा हे त्यातले एक केंद्र होते. एकसारख्या पद्धतीने तपासल्यावर सर्व केंद्रांत मिळतीजुळती लक्षणे असलेले रुग्ण सापडले. वॉशिंग्टन आणि मॉस्को येथे मात्र निदानाची व्याख्या इतरांपेक्षा सैल होती. 1980 मध्ये अमेरिकेच्या डीएसएम-3 या पुस्तिकेने निश्चित निकष दिले. आजाराची चिन्हे किमान सहा महिने असावीत, ही अट त्यातलीच. त्यामुळे डॉक्टरांमधले एकमत वाढले. याला निदानाची विश्वासार्हता म्हणतात.

पण दुकानातला वजनकाटा दर वेळी दोन किलो जास्त दाखवत असेल, तर सगळ्यांना आकडा एकच दिसेल, तरी वजन चुकीचेच असेल. निदानाचेही तसेच आहे. सर्वांनी एकच नाव दिले म्हणून तो एकच आजार आहे, हे सिद्ध होत नाही. हा प्रश्न यथार्थतेचा, आणि तो अजून सुटलेला नाही. पॅरानॉइड, कॅटाटोनिक वगैरे उपप्रकार अनेक दशके शिकवले गेले. पण त्यावरून आजार पुढे कसा जाईल किंवा कोणते औषध लागू पडेल, हे नीट सांगता येईना. म्हणून 2013 च्या डीएसएम-5 मध्ये ते काढून टाकले.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

नाव अपुरे असले तरी त्रास खरा असतो. भास आणि संशय औषधांनी बऱ्याच जणांचे कमी होतात, म्हणून निदानाविषयी शंका आली तरी औषध स्वतःहून बंद करू नका. दुसऱ्या तज्ज्ञांचे मत जरूर घ्या. जाताना जुने कागद आणि औषधांची यादी सोबत न्या. मधल्या काळात अति उत्साह, कमी झोप, नैराश्य किंवा व्यसन होते का, हे न लपवता सांगा. काही महिन्यांनी डॉक्टरांनी निदान बदलले, तर ती चूकच असे समजू नका. या आजारात काळ हीसुद्धा एक तपासणीच आहे.