तंबाखूचा निरोप : फर्मानापासून उंबरठ्यापर्यंत

तंबाखू हिंदुस्थानात आली ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून, आणि पश्चिम किनाऱ्यावर उतरून घाट चढत ती विजापुरास पोचली. अकबराचा वकील असद बेग शाहजादा दानियालच्या विवाहासंबंधाने विजापुरास गेला होता, तेव्हा त्याने ही अपूर्व वस्तू तेथे प्रथम पाहिली. १६०४ च्या सुमारास तो ती एका नक्षीदार नळीसह आग्ऱ्यास घेऊन गेला. बादशहाने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले. जवळ उभ्या असलेल्या हकिमाने आक्षेप घेतला, की ज्या औषधीविषयी आपल्या ग्रंथांत काही लिहिलेले नाही ती बादशहाने घेऊ नये. असद बेगाचे उत्तर असे, की फिरंग्यांतही शहाणे लोक आहेत आणि त्यांनी ती पारखलेली आहे. वाद हकिमाने जिंकला, कारण बादशहाने पुढे तिला हात लावला नाही. परंतु दरबारातल्या सरदारांना तिची चटक लागली ती लागलीच. हकिमाचा उपदेश बरोबर असूनही तो एका माणसापुरताच उपयोगी पडला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिची पुनरावृत्ती पुढे अनेकदा झालेली आपणांस दिसेल.

जहांगीराने १६१७ साली तंबाखूस बंदी घातली. इराणात शाह अब्बासनेही तीच आज्ञा केली होती. गंमत अशी, की जहांगीराचा इराणातील वकील खान आलम हाच तंबाखूवाचून घटकाभर राहू न शकणारा निघाला. बादशहाचे फर्मान ज्याच्या हाती द्यावयाचे, त्याच्याच मुखात नळी! फर्मानाची अशी गत व्हावी यात नवल नाही. फर्मान चौकात वाचले जाते, आणि तंबाखू माजघरात, शेताच्या बांधावर, होडीच्या नाळेवर ओढली जाते. मधले अंतर चालून जाणारा माणूस बादशहापाशी नव्हता. तो माणूस निघायला पुढे साडेतीनशे वर्षे लागली.

विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या डॉक्टरांना तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे रुग्ण इतक्या संख्येने दिसू लागले, की प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावर सुटणारा नाही हे उघड झाले. ल. द. संघवी, के. राव आणि डॉ. वसंतराव खानोलकर यांनी १९५५ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखात तंबाखू ओढणे व खाणे यांचा या कर्करोगाशी असलेला संबंध आकड्यांनी मांडला. परंतु इस्पितळात येतो तो रोग झालेला मनुष्य. रोग होण्यापूर्वीचा मनुष्य कोठे भेटावा? त्यासाठी गावी जाणे भाग होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाने हे काम अंगावर घेतले. डॉ. फली मेहता त्याचे प्रमुख होते. कोपनहेगनचे प्राध्यापक पिंडबोर्ग यांचे साहाय्य होते. संख्याशास्त्राची बाजू प्रकाश गुप्ता यांनी पुढे सांभाळली. १९६६ पासून या मंडळींनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. एर्नाकुलम, श्रीकाकुलम, भावनगर, सिंगभूम आणि दरभंगा या जिल्ह्यांत ही पाहणी झाली, आणि आपल्या पुणे जिल्ह्यातही झाली. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. लाखभर माणसांना ओटीवर बसवून, आ करायला लावून, दिव्याच्या प्रकाशात गालफडे व टाळू पाहणे म्हणजे काय याची कल्पना ज्याने खेड्यात एखादा दिवस काढला आहे त्यालाच येईल.

यांतील श्रीकाकुलमची हकीकत विशेष आहे. आंध्राच्या ईशान्य किनाऱ्यावरील या जिल्ह्यात चुट्टा नावाची हाताने वळलेली जाड चिरूट ओढतात, आणि पुष्कळ जण, त्यातही बहुतांशी स्त्रिया, तिचे पेटलेले टोक तोंडाच्या आत धरून ओढतात. तेलुगूत या प्रकारास अड्डपोगा म्हणतात. तपासलेल्या १०,१६९ ग्रामस्थांपैकी शेकडा ४३.८ जण अशी उलटी चुट्टा ओढीत असल्याचे १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात नोंदले आहे. टाळूला रोजच चटका बसतो. टाळूवर पांढरे चट्टे येतात, पुढे लाल डाग, आणि काहींच्या बाबतीत तेथेच कर्करोग.

शहरी माणूस ऐकताच विचारतो, हा वेडेपणा कशासाठी? परंतु त्या बायकांपाशी उत्तर होते. हातात काम असताना राख कपड्यांवर पडत नाही. कडेवरच्या मुलाला निखारा लागत नाही. वाऱ्यापाण्यात चुट्टा विझत नाही. आणि आईला असेच ओढताना पाहिलेले असते. ज्या सवयीला एवढी कारणे आहेत तिला केवळ अज्ञान म्हणणे हे आपले अज्ञान होय. तंबाखू सोडवण्याच्या अनेक प्रयत्नांची चूक येथेच होते असे मला वाटते. ते समजतात, की माणसाला एक गोष्ट ठाऊक नाही. ती सांगितली की काम झाले. माणसाला बहुधा ती ठाऊक असते.

सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात याच संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले. एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर या तीन जिल्ह्यांतील तंबाखू ओढणाऱ्या व खाणाऱ्या छत्तीस हजारांहून अधिक प्रौढांची त्यांनी निवड केली. दरवर्षी त्याच घरी, त्याच माणसाकडे पुनः जावयाचे, तोंड तपासावयाचे, काही डाग आढळल्यास त्यालाच दाखवावयाचा, आणि मग सवयीविषयी बोलावयाचे. डॉक्टरांसमवेत समाजशास्त्राचे जाणते असत. वर्तनशास्त्रज्ञ मीरा आघी यांनी या संवादाची आखणी करण्यात मोठा वाटा उचलला. चित्रपट, भित्तिपत्रके, स्थानिक लोकनाट्य हे सारे जोडीला होते. पण कण्याच्या जागी होती ती प्रत्यक्ष भेट. गतवर्षी आलेला मनुष्य यंदा पुनः आला आहे आणि गतवर्षी आपण काय म्हणालो होतो ते त्याच्या वहीत आहे, या गोष्टीचा मनावर काय परिणाम होतो हे ज्याने कधी सावकाराचे वा शाळामास्तरांचे दारी येणे अनुभवले आहे त्याला वेगळे सांगावयास नको. येथे मात्र येणारा काही मागावयास येत नव्हता.

पाच वर्षांच्या कामाचे फळ १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी त्याच भागांतील पूर्वीच्या पाहणीतले लोक घेतले होते, ज्यांना असा विशेष उपदेश मिळाला नव्हता. एर्नाकुलमात तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांचे नवे प्रमाण पुरुषांत दर हजारी ४७.८ होते ते ११.४ वर आले. स्त्रियांत ३३ होते ते ५.८ वर. श्रीकाकुलमात टाळूवरील विकृती पुरुषांत चौथ्या हिश्शाहूनही खाली आली. स्त्रियांत मात्र ती उतरली ती जेमतेम दोन पंचमांशाने. उलट्या चुट्टेची सवय त्यांच्यात अधिक मुरलेली, आणि तिला सोडून देण्याची मोकळीक त्यांना कमी, असा मी याचा अर्थ लावतो.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. तंबाखू अजिबात सोडणाऱ्यांचे प्रमाण तुलनेतील गटाहून बरेच अधिक होते, तरी बहुसंख्यांनी ती सोडली नाहीच. कित्येकांनी कमी केली. दहा वर्षांपूर्वीच्या पाहणीशी तुलना केल्याने मधल्या काळाचा परिणाम किती व भेटीचा किती, हा प्रश्नही उरतोच. परंतु एवढे खरे, की ज्या देशात कर्करोगाचे निदान सहसा उशिरा होई, तेथे रोगाच्या आधीच्या पायरीवर माणसाला थांबवता येते हे हजारो घरांच्या उंबरठ्यांवर सिद्ध झाले.

यानंतर हीच रीत स्वस्त व साध्या स्वरूपात कशी राबवावी याचे प्रयत्न झाले. कर्नाटकात कोलार जिल्ह्यात ऐंशीच्या दशकात असा एक उपक्रम झाला. तेथे मुंबईहून कोणी यावे लागले नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचे सेवकच गावोगाव फिरले. लसटोचणीसाठी जो माणूस दारी येतो तोच तंबाखूविषयीही बोलला, आणि तुलनेतील गावांच्या मानाने पुष्कळच अधिक लोकांनी, त्यातही स्त्रियांनी, ती सोडली. गोव्यात कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांनी दुसरा दरवाजा शोधला. त्यांनी शाळेतल्या मुलांना हाताशी धरून घरातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत निरोप पोचवला. बापाला डॉक्टरांचे ऐकावयाचे नसेल, परंतु सातवीतली मुलगी समोर बसून विचारू लागली की त्याची पंचाईत होते. गोव्यात धूम्रपान व थुंकणे यांस बंदी करणारा कायदा १९९७ साली झाला. त्या मार्गाने जाणारे गोवे हे पहिल्या काही राज्यांतले. सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करणारा आदेश दिला तो २००१ साली, आणि केंद्राचा कायदा आला २००३ साली. २००९-१० आणि २०१६-१७ या दोन्ही सर्वेक्षणांत गोव्यातील तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण शेकडा दहाच्या आत आढळले, तर देशाचे प्रमाण अनुक्रमे ३४.६ आणि २८.६ होते. हे सारे श्रेय एका कायद्यास देणे धाडसाचे होईल. परंतु कायदा येण्यापूर्वी मुले घरोघर बोलून आली होती, हेही विसरता येत नाही.

धुराची गोष्ट सांगताना मिश्रीस विसरणे आम्हां बेळगावकडच्या माणसांना शोभणार नाही. माझी आजी तव्यावर तंबाखू भाजून, तिची पूड करून डबीत भरून ठेवी, आणि सकाळी दात घासावयाच्या निमित्ताने अर्धा तास ती हिरड्यांस चोळीत बसे. आमच्या गावच्या डॉक्टरांनी तिला दोनदा तरी सांगितले, ‘‘आजी, ही डबी सोडा.’’ ती तत्परतेने म्हणे, ‘‘सोडते रे बाबा.’’ ते दवाखान्यात परत गेले की डबी पुनः बाहेर येई. तिसऱ्यांदा ते आले नाहीत. आज वाटते, ते तिसऱ्या वर्षी, चौथ्या वर्षी येते तर कदाचित आजीला संकोच वाटला असता. मिश्रीस कोणी व्यसन म्हणतही नसे. ती दंतमंजन होती, आणि दंतमंजन सोडावयाचे कशाला?

२००२ साली देशात तेरा ठिकाणी तंबाखूमुक्ती केंद्रे निघाली. २००७-०८ पासून राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २०१६ पासून दूरध्वनीवरून मोफत सल्ला मिळू लागला. हे सर्व उपयोगाचे आहे. पण यांत एक उलट झाले आहे. पूर्वी सल्ला देणारा घरी येत असे. आता सोडू पाहणाऱ्याने पाऊल उचलावयाचे, केंद्र गाठावयाचे, दूरध्वनी करावयाचा. ज्याचा निश्चय आधीच अर्धा झाला आहे त्याला हे पुरते. श्रीकाकुलमच्या कोळणीला किंवा माझ्या आजीला ते पुरले नसते.

निपाणीकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. तेथे तंबाखू ही चैन नव्हे, पोट आहे. १९८१ च्या एप्रिलात भावासाठी रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि माणसे मेली, ती याच पिकापायी. त्याच गावच्या वखारींतून तंबाखू निवडणाऱ्या व चाळणाऱ्या बायका वर्षानुवर्षे ती धूळ नाकातोंडात घेत आल्या. त्यांनीही आपली संघटना उभारून संप केले, मजुरी मागितली. या बाईच्या उंबरठ्यावर जाऊन सल्लागाराने प्रथम कशाविषयी बोलावयाचे, तिच्या डबीविषयी की तिच्या रोजगाराविषयी? एर्नाकुलमच्या आकड्यांत याचे उत्तर नाही. तेथल्या घरी जो गेला त्याला दरवर्षी पुनः जाण्याची मुभा होती. निपाणीस जाणाऱ्याला, मला वाटते, पहिली दोन वर्षे केवळ ऐकण्यातच घालवावी लागतील.