पडद्यावरचा येशू

देव माणूस झाला, हा आम्हा ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेचा पाया. पण त्या माणसाची भूमिका पडद्यावर दुसऱ्या माणसाने करावी का, हा प्रश्न सिनेमाला अर्धशतकभर पुरला. आमच्या वसईच्या धर्मग्रामात प्रायश्चित्तकाळात मी येशूपट दाखवते, तेव्हा हा इतिहास आवर्जून सांगते.

सिनेमा जन्मला आणि दोन-तीन वर्षांतच येशूचं दुःखसहन पडद्यावर आलं. असंच एक येशूचरित्र १९११च्या सुमारास गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळक्यांनी पाहिलं. ते पाहताना मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहिली, असं त्यांनी पुढे ‘नवयुग’मध्ये लिहिलं. १९१३मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

त्याच सुमारास, १९१२मध्ये, ब्रिटनचं सेन्सॉर मंडळ स्थापन झालं. सुरुवातीला त्याचे ठाम नियम दोनच होते: नग्नता नको आणि ख्रिस्ताचं दर्शन नको. दशावतार पाहत आलेल्या मुलखात देवाने देह धरणं कुणाला खटकत नव्हतं. धास्ती घेतली ती ज्यांच्या श्रद्धेचा कणाच देहधारण आहे, त्यांनी.

हॉलिवूडने मधला मार्ग काढला. सेसिल डिमिलच्या १९२७च्या ‘किंग ऑफ किंग्ज’मध्ये एका आंधळ्या मुलीला दृष्टी मिळते. आधी काळोख, मग उजेड, आणि त्या उजेडातून तिला, म्हणजेच आपल्याला, येशूचा चेहरा पहिल्यांदा दिसतो. १९५९च्या ‘बेन-हर’मध्ये विल्यम वायलरने तर चेहरा दाखवलाच नाही. साखळदंडातल्या कैद्याला येशू पाणी पाजतो. रोमन सैनिक चाबूक घेऊन पुढे येतो, येशूकडे पाहतो आणि थबकतो. कॅमेऱ्याला येशू पाठमोरा. काय घडलं ते सैनिकाच्या चेहऱ्यावरून कळतं.

हा प्रसंग मला फार आवडतो, तरी त्यातला धोकाही दिसतो. येशूचा देह केवळ भास होता, असं म्हणणारे लोक पहिल्या शतकांतही होते. चर्चने ते मत नाकारलं आणि ४५१मध्ये खाल्सेदोनच्या धर्मसभेत तो पूर्ण देव आणि पूर्ण मानव असल्याचं ठरवलं. चेहरा झाकलेल्या येशूतलं पूर्ण मानवपण निसटत जातं.

ते परत आणलं एका नास्तिकाने. इटलीचा पिएर पाओलो पासोलिनी मार्क्सवादी. आदल्याच वर्षी एका लघुपटावरून धर्माची विटंबना केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली होती. १९६४मध्ये त्याने संत मत्तयच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला आणि तो पोप तेविसाव्या जॉन यांच्या स्मृतीला अर्पण केला. चित्रीकरणासाठी मातेरा हे दक्षिण इटलीतलं गरीब, दगडी गाव निवडलं. येशूच्या भूमिकेत एन्रिके इराझोकी हा स्पॅनिश विद्यार्थी होता. उतारवयातली मरिया झाली पासोलिनीची स्वतःची आई, सुझान्ना. तिचा धाकटा मुलगा ग्वीदो १९४५मध्ये युद्धात मारला गेला होता. क्रूसापाशी ती कोसळते तेव्हा तिचं तोंड वेडंवाकडं होतं, पाय सावरत नाहीत. दुःख झालेली बाई रडते तशी ती रडते.

चित्रपट संपल्यावर आमच्याकडचे ज्येष्ठ कुरकुरतात: “हा येशू फार रागावतो, घाईघाईने बोलतो.” मी त्यांना मत्तयचा तेविसावा अध्याय काढायला सांगते. परुश्यांना सुनावलेले ते खडे बोल वर्षानुवर्षं मिस्सेत ऐकूनही आपल्या कानांवरून गेलेले असतात. देव्हाऱ्यातल्या गोऱ्या, सौम्य तसबिरीची आपल्याला सवय झाली आहे. पासोलिनीचा येशू उन्हात चालतो, दमतो, चिडतो आणि आईदेखत मरतो. खाल्सेदोनने ठरवलेल्या ‘पूर्ण मानव’चा अर्थ इतका स्पष्ट मला कोणत्याही प्रवचनात सापडला नाही. म्हणून प्रायश्चित्तकाळात एकच येशूपट दाखवायचा झाला, तर मी हाच दाखवेन.