इंजिन माउंट
इंजिन माउंट म्हणजे इंजिन चासीवर तोलून धरणारा, धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये रबर असलेला आधार. गॅरेजच्या बोलीत ‘फाउंडेशन’. जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवताना मूळ ब्रॅकेट सहसा जुळत नाहीत. नवे जोडण्यापूर्वी इंजिन गिअरबॉक्ससह जागेवर टांगून प्रोपेलर शाफ्टचा कोन पाहतात. बुलढाण्याजवळच्या अजिंठा डोंगररांगेसारख्या खडकाळ वाटांवर पुढचा ॲक्सल वर उसळतो. तो ऑइल चेंबरवर आदळल्यास तेल गळून इंजिन निकामी होऊ शकते, म्हणून मधली मोकळी जागा सर्वांत महत्त्वाची. वेल्डिंगची उष्णता रबराला सोसत नाही, त्यामुळे ते शेवटी बसवतात. रबर विद्युतरोधक असल्याने इंजिन व चासी अर्थिंगच्या पट्टीने जोडावी लागतात. नेमकी हीच पट्टी विसरली जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलास नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता आवश्यक आहे. एमएच-२८ क्रमांकाच्या वाहनांसाठी बुलढाण्याचे परिवहन कार्यालय ती देते.