मेडल नसलेला कराटे क्लास

"डॉक्टर, क्लास बरा आहे हो, पण ते सर मुलांना स्पर्धेलाच पाठवत नाहीत. मग फी कशाची भरायची?" हा प्रश्न दवाखान्यात मला अधूनमधून ऐकू येतो. विचारणाऱ्यांचं मूल बहुतेकदा दम्याचं, वजन वाढलेलं किंवा फार बुजरं असतं. म्हणूनच तर क्लास लावलेला असतो. अशा पालकांना मी एक जुनी गोष्ट सांगतो. आज ती जरा सविस्तर लिहितो.

कराटे मूळचं ओकिनावा बेटांवरचं. तिथे पूर्वी रियुक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. १८७९ मध्ये जपानने ते खालसा केलं. तोवर ही विद्या गुरूच्या घरी, मोजक्या शिष्यांना, बरीचशी गुपचूप शिकवली जाई. रांगेत उभी मुलं आणि एका सुरात मोजलेले आकडे हे चित्र नंतरचं. ते आणलं आंको इतोसू (१८३१–१९१५) यांनी. दरबारात कारकुनी केलेले हे गृहस्थ. १९०१ च्या सुमारास, वयाच्या सत्तरीत, त्यांनी शुरी इथल्या प्राथमिक शाळेत व्यायाम म्हणून कराटे सुरू केलं आणि १९०५ पासून ते तिथल्या सरकारी माध्यमिक शाळेतही शिकवू लागले.

शाळेतल्या मुलांना जीवघेणे प्रहार कसे शिकवायचे? इतोसूंनी 'पिनान' नावाचे पाच काता बसवले. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. समोर प्रतिस्पर्धी नसतो. बोटांनी टोचण्यासारखे काही प्रहारही त्यांनी बंद मुठीच्या ठोशांत बदलले, असं मानलं जातं. जिंकणं-हरणं नाही, मार लागणं नाही, आणि चाळीस मुलं एकाच मैदानात करू शकतील असा हा व्यायाम होता. आजही जगभरच्या क्लासांत लहान मुलं हेच काता किंवा त्यांची सुधारित रूपं शिकतात.

१९०८ मध्ये इतोसूंनी कराटेविषयी दहा मुद्द्यांचं एक पत्र लिहिलं. त्यात आरोग्याबद्दल आहे, रोज थोडा वेळ पण वर्षानुवर्षं सराव करण्याबद्दल आहे. पण लहानपणापासून असा सराव केलेली मुलं पुढे सैन्याच्या कामी येतील, असंही त्यात आहे. त्यासाठी नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनचा दाखला दिलाय. हा भाग वाचताना मला अस्वस्थ व्हायला होतं. १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत त्याच माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांना युद्धात उतरवलं गेलं आणि त्यांतली कितीतरी मुलं मारली गेली. स्पर्धा नाही म्हणून शिकवण आपोआप निर्मळ ठरत नाही. शिकवणाऱ्याच्या मनात काय आहे, ते पाहावंच लागतं.

इतोसूंचे एक शिष्य म्हणजे गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७). लहानपणी अतिशय अशक्त. वैद्याच्या काढ्यांनी फारसा फरक पडेना, म्हणून कराटेकडे वळवलेलं मूल. रात्री कंदील घेऊन गुरूच्या घरी जायचं आणि महिनोन्‌महिने एकच काता घोटायचा. दोनेक वर्षांत तब्येत सुधारली, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय. त्यांना खरं तर डॉक्टर व्हायचं होतं! परीक्षा उत्तीर्णही झाले होते, पण वैद्यकीय शाळेत शेंडी चालत नव्हती आणि घरचे ती कापू देईनात. मग ते शाळामास्तर झाले. १९२२ मध्ये त्यांनी टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि पुढे तिथेच शिकवत राहिले. कराटेच्या सामन्यांना त्यांचा विरोध होता. ते १९५७ च्या एप्रिलमध्ये गेले आणि त्याच वर्षी तिथे अखिल जपान स्पर्धा सुरू झाल्या. म्हणजे मेडलं ही पुढची भर.

आता वैद्यकाचं. १९८६ मध्ये अमेरिकेत गुन्हेगारीकडे वळलेल्या ३४ किशोरांचा सहा महिने अभ्यास झाला. ज्यांना तायक्वांदो पारंपरिक पद्धतीने, म्हणजे ध्यान आणि आदराच्या शिकवणीसह शिकवलं, त्यांची आक्रमकता कमी झाली. ज्यांना नुसती मारामारीची तंत्रं शिकवली, त्यांची उलट वाढली. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण इजांबद्दल शंका कमी आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये म्हटलंय, की एकमेकांना न मारता केलेला सराव तुलनेने सुरक्षित असतो. झुंज आणि स्पर्धा आल्या की धोका वाढतो. डोक्याला टोपी घातली म्हणून मेंदूला हादरा बसणार नाही, असंही नाही.

म्हणून त्या पालकांना मी सांगतो, की फी भरा, पण आधी एक दिवस कोपऱ्यात बसून क्लास बघा. मागे पडलेल्या मुलाशी सर कसं बोलतात? शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावतात का? सुरुवातीला आणि शेवटी अंग सैल करून घेतात का? दमा असेल तर इनहेलर पिशवीत हवा, आणि तो कधी घ्यायचा हे सरांनाही माहीत हवं. पहिले तीन महिने "कितवा बेल्ट?" असं घरी कुणी विचारू नका. आजोबांनाही तेवढं सांगून ठेवा.